मालवणला पहिल्यांदा येताय? मग आधी समुद्राचं वेळापत्रक बघा

मालवणला यायचं ठरलं की लोक आधी हॉटेल शोधतात, मग स्कूबाचं पॅकेज, मग थाळी कुठे चांगली मिळते ते, आणि समुद्राबद्दल कुणी काही विचारतच नाही. पण इथे सगळं चालतं ते त्याच्यावरच. समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी जाणार की नाही, पाण्याखाली काही दिसणार की नाही, ताटात आज कुठला मासा येणार, संध्याकाळी चालायला वाळू मिळणार की लाटा थेट माडांपर्यंत येणार, सगळं तोच ठरवतो. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे सगळं ओळीने लिहितोय, ज्या क्रमाने ठरवायला लागतं त्या क्रमाने.

पहिलं काम : महिना ठरवा

पावसाळ्यात किल्ल्याची होडी, स्कूबा, बोटिंग, सगळे वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. साधारण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. दरवर्षी कोणी ना कोणी जूनमध्ये बंदरावर येऊन उभं राहतं आणि किल्ला समोर दिसतोय तरी जाता येत नाही म्हणून हळहळतं. समोर दिसतो हे खरं, पण मधलं पाणी त्या दिवसात कुणाचं ऐकत नाही. यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा जून-जुलै बंद असते कारण माशांच्या विणीचा काळ असतो, त्यामुळे ताजा मासाही कमीच. पण पावसाळ्यात येऊच नका असं मी म्हणणार नाही. हिरवं कोकण बघायचं असेल, भातलावणी, वहाळ, धामापूरचं तलाव, पावसात कौलारू घराच्या पडवीत बसून गरम पेज आणि खारातली कैरी, तर जुलै-ऑगस्टसारखे दिवस नाहीत, आणि खोल्याही स्वस्त मिळतात. फक्त समुद्र लांबून बघायचा, एवढं मनाशी पक्कं करून या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात चांगले महिने. पाणी निवळलेलं असतं, हवा बरी असते, मासे भरपूर. मार्चपासून उकाडा वाढत जातो आणि घाम वाळत नाही, पण त्याच दिवसात ओले काजू येतात, एप्रिल-मे मध्ये हापूस आणि फणस, त्यामुळे खाण्यासाठी येणाऱ्यांनी उन्हाळा टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टाळायचं असेल तर दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार टाळा. तेव्हा मालवणजवळच्या तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकून पडतात आणि किल्ल्याच्या होडीला भलीमोठी रांग. तोच किल्ला मंगळवारी बघितलात तर तटावर तुम्ही आणि वारा, बाकी कोणी नाही.

अजून एक. गणपतीत येण्याआधी जिथे राहणार आहात त्यांना फोन करून विचारा. त्या दिवसात प्रत्येक घरात गणपती असतो, चाकरमानी गावी आलेले असतात, रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते आणि बऱ्याच होमस्टेवाल्यांच्या घरी तेव्हा मासळी शिजत नाही. श्रावणातही तसंच, आणि एरवीही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं खूप आहेत. घरगुती ठिकाणी उतरणार असाल तर हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

यायचं कसं

मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कोकण रेल्वेचं सोयीचं स्टेशन म्हणजे कुडाळ, तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. सिंधुदुर्गनगरी म्हणजे ओरोस हेही चालतं पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. कणकवली थोडं लांब, चाळीस किलोमीटरच्या वर, पण वंदे भारतने येणार असाल तर उतरायला कणकवलीच, कारण ती कुडाळला थांबत नाही. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या बहुतेकांच्या सोयीची, झोपून यायचं आणि सकाळी कुडाळला उतरायचं. तुतारी दादरहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, त्यामुळे तिकिटाची तारीख नीट बघा, शुक्रवारी रात्री निघायचं म्हणजे तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायला लागतं आणि इथे भलेभले फसतात. दिवसा प्रवास आवडत असेल तर पहाटेची जनशताब्दी किंवा सकाळची मांडवी, आणि बोगदे, पूल, दऱ्या बघत यायचं असेल तर खिडकी पकडा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांची तिकिटं बघता बघता संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे वेळ परत तपासा.

कुडाळला उतरल्यावर बाहेर रिक्षा असतात, इथे मीटर नाही, बसायच्या आधी भाडं ठरवायचं. रिक्षावाला "खय जातलास?" म्हणून विचारेल, त्याला फक्त मालवण सांगू नका, मालवण बाजार की तारकर्ली की देवबाग ते सांगा कारण देवबाग मालवणच्याही पुढे दहा-बारा किलोमीटर आहे आणि भाड्यावरून वाद होतात ते इथेच. सामान कमी असेल तर रिक्षाने कुडाळच्या एसटी स्टँडवर जा आणि मालवणची एसटी पकडा, तासाभरात पोचाल आणि पैसे अगदीच थोडे लागतील.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी मुंबई-गोवा हायवेने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ ने, कसालपर्यंत यायचं आणि तिथे उजवीकडे मालवणकडे वळायचं. मुंबईपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं, एका दमात गाडी हाकू नका, मध्ये मुक्काम करा नाहीतर दोन ड्रायव्हर ठेवा. पुण्या-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना गगनबावड्याचा करूळ घाट नाहीतर राधानगरीकडून फोंडा घाट. निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का याची चौकशी करा, पावसाळ्यात दरड पडून बंद होतात. रात्री घाटात धुकं आणि गवे दोन्ही भेटतात, तेव्हा घाट उजेडात उतरा. विमानाचं म्हणाल तर चिपीला सिंधुदुर्ग विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं, पण तिथल्या फेऱ्या बदलत राहतात. गोव्यातलं मोपा विमानतळ जास्त भरवशाचं, तिथून गाडी करून सावंतवाडी-कुडाळमार्गे यायचं.

राहायचं कुठे

तीन पर्याय आहेत. मालवण गावात राहिलात तर बाजार, बंदर, एसटी स्टँड, खानावळी सगळं चालत जाण्यासारखं. गाडी नसलेल्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्यांनी गावातच राहावं. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर, लांबलचक पांढरट वाळूचा किनारा, एमटीडीसीचं म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट तिथेच. आणि देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी मधली जमिनीची चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी तर इतकी अरुंद की दोन्हीकडचं पाणी एकदम दिसतं. शांतता हवी असेल तर देवबाग, पण रात्री काही लागलं तर तिथून मालवणला यायला वाहन मिळत नाही, हे लक्षात ठेवा. मालवणहून देवबागला एसटी आहे, तिच्या परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवायची.

मला विचाराल तर हॉटेलपेक्षा घरगुती न्याहारी-निवास बघा. सकाळी घावणे-चटणी, दुपारी घरात जे शिजतं तेच तुमच्या ताटात, आणि मुख्य म्हणजे घरातल्या काकींना नाहीतर आजोबांना विचारलं की आज समुद्र कसा आहे हे बसल्या जागेवर कळतं. बुकिंग करताना चार गोष्टी विचाराच. समुद्रावर जायला खोलीपासून किती चालायला लागतं (फोटोत सगळेच समुद्राला लागून असतात), जेवण मिळतं का आणि किती आधी सांगायचं, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि चेक-इन किती वाजता. रात्रीची गाडी सकाळी आठ-नऊला पोचवते आणि खोली बाराला मिळते, मधले तीन-चार तास सामान घेऊन कुठे बसणार?

भरती-ओहोटी काढायची सोपी पद्धत

हे मात्र नीट वाचा, कारण बाकी सगळा प्लॅन याच्यावर बसवायचा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आज तिथी कुठली ते बघायचं. तिथीच्या आकड्याला (प्रतिपदा एक, पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा) पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. म्हणजे आज अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, आमच्या बाजूला जरा अलीकडेच, आणि ओहोटी संध्याकाळी. रोज ही वेळ पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. हा अंदाज झाला, अर्धा तास, तास इकडे तिकडे होतो, पक्की वेळ बंदरावर कोणालाही विचारा. आणि ज्यांच्या घरात कालनिर्णय आहे त्यांनी अभिमानाने बघावं, ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच. गावातलं जय गणेश मंदिर त्यांनीच बांधलं, छान आहे, तिथेही जाऊन या.

आता हे कळून उपयोग काय? तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आलात तर संध्याकाळी ओहोटी असते, चिवला बीचवर नाहीतर तारकर्लीला पाणी लांब मागे गेलेलं, ओली सपाट वाळू, चालायला आणि पोरांना खेळायला याच्यापेक्षा चांगली वेळ नाही. पण त्याच दिवसात उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढीने उतरतं. अष्टमीच्या आसपास आलात तर ओहोटी दुपारी, तेव्हा दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा निवांत बघता येतो. हा खडक चुकवू नका. किल्ल्याच्या पायाभरणीआधी शिवाजी महाराजांनी इथे पूजा केली असं मानतात, खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत, आणि किल्ल्याकडे पळणारी निम्मी माणसं याच्याजवळून न बघताच जातात.

किल्ल्याचा दिवस

सिंधुदुर्गासाठी सकाळ ठेवा. दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो, लाटा उठतात, होडी हलते, ज्यांना मळमळतं त्यांचे हाल होतात. आणि ऊन. तटावर सावली नाही. सकाळी नाश्ता करून बंदर जेटीवर या, तिकीट काढा, लाइफ जॅकेट देतील ते घाला आणि बकल लावा, नुसतं गळ्यात अडकवून फोटो काढू नका. होडी दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्यावर पोचते. परत यायला त्याच होडीने यायचं असतं आणि होडीवाला साधारण तासाभराची वेळ देतो. तासाभरात किल्ला होत नाही. निघतानाच त्याच्याशी बोला की आम्हाला दोन-अडीच तास हवेत, नंतरच्या फेरीत येऊ का, नीट विचारलं तर बहुतेक वेळा सोय होते. होडीवाल्याने जर सांगितलं की "आज वारो आसा, उद्या सकाळी येवा" तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याची रोजची भाकरी त्या फेरीवर आहे आणि तरी तो नको म्हणतोय म्हणजे काहीतरी कारण आहे.

कुरटे बेटावर हा किल्ला उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं आणि तीन वर्षांत उभा राहिला, बांधकामावर हिरोजी इंदुलकर होते. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. तट जवळजवळ तीन किलोमीटर लांब, नागमोडी, बेटाच्या कडेकडेने वळत जातो. होडीतून जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, दोन बुरुजांच्या मध्ये लपवलाय, आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून होडीत मोबाइल खिशात ठेवून समोर बघत बसा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यातला हा एक, त्यामुळे गर्दी आता अजून वाढत जाणार.

आत गेल्यावर दरवाजाजवळच वरच्या बाजूला छोट्या घुमट्यांमध्ये चुन्यात उमटवलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. पुढे शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. इथली महाराजांची मूर्ती आपण चित्रात बघतो तशी नाही, दाढी नाही, डोक्याला वेगळाच टोप, वीरासनात बसलेली. गाभाऱ्यासमोर जरा वेळ उभे राहा, घाई करू नका. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं पाणी, आणि किल्ल्यात अजूनही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या घरांच्या अंगणातून फोटो काढत फिरू नका, विचारून जा. त्यांच्याकडून कोकम सरबत घ्या, लिंबू सरबत घ्या, पैसे चांगल्या ठिकाणी जातात. त्यानंतर तटावर चढा आणि जमेल तेवढं चाला, मागच्या बाजूला राणीची वेळा म्हणून छोटासा वाळूचा किनारा आहे, तिथपर्यंत तरी जाच. तटाला कठडा सगळीकडे नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. टोपी, पाण्याची बाटली, पकड असलेली चप्पल नाहीतर बूट, थोडे सुटे पैसे. बाटली परत आणा, तिकडे टाकलेलं प्लास्टिक थेट समुद्रात जातं.

सिंधुदुर्ग झाल्यावर वेळ असेल तर बंदरापासून जवळच राजकोट किल्ला आहे, तिथे महाराजांचा नवा मोठा पुतळा उभारलाय. उभं राहून समोर सिंधुदुर्ग बघायला ती जागा खरंच चांगली.

स्कूबा करायचं असेल तर

पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर धरून नेतो, फार खोल नेत नाहीत. पण दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, फिट येणं, प्रेग्नन्सी यातलं काही असेल तर करू नका आणि फॉर्म भरताना लपवू नका. सर्दी झाली असेल तरीही त्या दिवशी नको, कान दुखून येतील. पाण्यात उतरल्यावर कानावर दाब आला की नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे ढकलायची, हे बोटीत बसल्या बसल्या शिकून घ्या. जेवून लगेच जाऊ नका, दोन तास आधी हलकं काहीतरी. सकाळची पहिली बॅच घ्या, तेव्हा वारा कमी आणि पाणी स्वच्छ असतं. ऑक्टोबरात पाऊस लांबला असेल तर पाणी गढूळच असतं, आधी विचारा की आज किती दिसतंय, प्रामाणिक माणूस खरं सांगतो.

दर सगळीकडे वेगळे आणि पॅकेज असं करून पाच-सहा राइड्स एकत्र विकतात. किमतीपेक्षा हे बघा : बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरतात का, जॅकेट प्रत्येकाला आहे का, इन्स्ट्रक्टरकडे सर्टिफिकेट आहे का. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हापासून मी प्रत्येक ओळखीच्या माणसाला हेच सांगतो की बोट भरलेली दिसली तर पैसे गेले तरी चालतील, पुढच्या बोटीने जा. ज्यांना खरंच शिकायचंय, म्हणजे कोर्स करायचाय, त्यांच्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे.

पाण्याखालचा हा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी आहेत, वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि पाय ठेवला की तुटतात. हात लावू नका, त्यावर उभे राहू नका, तुकडा आणू नका. माशांना पाव घालून फोटो काढायची पद्धत पडलीय तीही मला पटत नाही, माशांचं ते खाणं नव्हे.

समुद्रात उतरण्याआधी

तारकर्लीचं पाणी शांत दिसतं आणि त्यामुळेच माणसं फसतात. वाळू पायाखालून एकदम खोल जाते, परतीच्या लाटेची ओढ असते. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले, तरणीताठी मुलं, आणि स्थानिक लोकांनी त्यांना आत जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. म्हणून कळकळीने सांगतो, किनाऱ्यावरचा कोणी मच्छीमार, शहाळीवाला, कोणीही "हय नको" म्हणाला की त्या जागी उतरायचं नाही. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका, दारू पिऊन अजिबात नाही, अंधार पडल्यावर नाही. देवबागच्या संगमावर ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी जोरात समुद्राकडे ओढतं, तिथे पोहायचं नाहीच, मग तुम्ही कितीही पट्टीचे पोहणारे असा. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ संपली की मग बाहेर.

संगम बघायचा तो होडीतून. देवबागहून होड्या मिळतात, सकाळी लवकर गेलात तर डॉल्फिन दिसण्याची शक्यता असते, मग त्सुनामी आयलंड म्हणतात तो कर्लीच्या मुखातला वाळूचा पट्टा. तिथे राइड्सचा गोंगाट असतो, ज्यांना तो नको त्यांनी होडीवाल्याला खाडीतून आत फिरवून आणायला सांगा, दोन्ही बाजूला माड, मध्ये शांत पाणी, मला तरी हे राइड्सपेक्षा कितीतरी आवडतं.

खायचं काय

पहिला नियम, मेनूकार्ड बंद करा आणि विचारा की आज काय ताजं आलंय. सुरमई आणि पापलेट सगळ्यांना माहीत म्हणून महाग. बांगडा स्वस्त आहे आणि तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं ज्याने खाल्लं नाही त्याने मालवणी जेवण खाल्लं असं मी मानत नाही. मुडदुशे मिळाले तर तळून घ्या, काटा कमी, पोरांनाही चालतात. मोरीचं (म्हणजे छोट्या शार्कचं) मटण, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, कुर्ल्यांचं (खेकड्यांचं) सार, सुंगटं म्हणजे कोळंबी, कालवं, एकेका जेवणाला एकेक करा, सगळं एकाच थाळीत मागवून चव कळत नाही. ज्या माशाचा दर कार्डवर छापलेला नाही त्याचा दर ऑर्डर देण्याआधीच विचारायचा, यात लाजण्यासारखं काही नाही. मासे खाताना सवय नसेल तर तारली, पेडवे यांच्यापासून सुरुवात करू नका, बारीक काटे असतात. सोलकढी जेवणाच्या शेवटी, भातावर थोडी आणि उरलेली वाटीने.

कोंबडी-वडे एका रात्रीसाठी राखून ठेवा. आणि शाकाहारी लोकांनो, तुम्हाला इथे उपाशी राहायला लागतं हे साफ खोटं आहे. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या, मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, केळफुलाची भाजी, डाळीची आमटी, गोडात शिरवाळे आणि नारळाचा रस, खापरोळी. फक्त हे हॉटेलच्या कार्डवर फारसं नसतं, घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगायला लागतं, वाटाणे भिजवायचे असतात ना. दुपारचं जेवण साडेबारा ते दोनमध्ये उरका, उशीर केलात तर चांगला मासा संपलेला असतो.

सकाळी लवकर उठलात तर किनाऱ्यावर रापण ओढताना बघायला मिळू शकते, मोठं जाळं दोन्ही टोकांना धरून माणसं ओढत असतात. बघत उभे राहा, हात लावावासा वाटला तर विचारून दोरीला हात लावा, पण त्यांच्या वाटेत कॅमेरा घेऊन नाचू नका, कामाची वेळ असते. माशांचा लिलावही बघण्यासारखा, चपळ नजर आणि त्याहून चपळ बोलणं.

बाजार, देऊळ, आजूबाजूला

दुपारी एक ते चार बाजार झोपलेला असतो, औषधं वगैरे घ्यायची असतील तर आधी घ्या. संध्याकाळी बाजार जागा होतो. तेव्हा फिरा, खाजा घ्या (बेसनाच्या कांड्या, वरून गूळ आणि आल्याचा पाक, ताजाच चांगला), आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), काजू, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला. एटीएम मालवणातूनच वापरून घ्या, तारकर्ली-देवबागच्या भरवशावर राहू नका, आणि यूपीआय सगळीकडे चालत असलं तरी नेटवर्क गेलं की काही चालत नाही, थोडी रोकड जवळ हवीच. चिवला बीच गावातच आहे, चालत जा. रॉक गार्डन सूर्यास्ताला, पण खडक शेवाळलेले असतात आणि लाट कधी उसळेल सांगता येत नाही, सेल्फीसाठी कडेला जाऊ नका.

गाडी असेल तर अर्धा दिवस धामापूरला द्या. सोळाव्या शतकातलं तलाव आहे, काठावर भगवतीचं देऊळ, झाडी, पक्षी, आणि समुद्राच्या उन्हानंतर तिथली थंडाई फार बरी वाटते. आचऱ्याचं रामेश्वराचं देऊळही बघा. हे तेच आचरा जिथे काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते, अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं.

तारखा जुळत असतील तर नारळी पौर्णिमेला या, किल्ल्याकडून सोन्याचं वेष्टन केलेला नारळ समुद्राला अर्पण होतो आणि बंदरावर नारळ लढवायचा खेळ रंगतो. दिवाळीत पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी मालवणभर फिरते. आंगणेवाडीची भराडी देवीची यात्रा साधारण फेब्रुवारीच्या आसपास, तारीख देवीचा कौल घेऊनच ठरते, लाखांनी माणसं येतात. त्या दोन-तीन दिवसात फक्त फिरायला म्हणून मालवणला येणार असाल तर तारीख बदला, दर्शनाला येणार असाल तर खोली आणि रेल्वे दोन्ही तारीख जाहीर झाल्या झाल्या बुक करा. आणि थंडीत कुठल्या गावात दशावताराचं नाटक आहे असं कळलं तर रात्री उशिरापर्यंत जागून बघाच, पेट्रोमॅक्स जाऊन लाइट आले पण संकासुर आला की पोरं अजूनही आईच्या मागे लपतात.

निघताना

सुकी मासळी घेतलीत तर दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून मग डब्यात भरा, रेल्वेत शेजारचे लोक दुवा देतील. आगळाची बाटली कपड्यांमध्ये ठेवू नका, डाग जात नाही. कुडाळ स्टेशनला जायला रस्त्यावर एक तास, पण सुट्टीत आणि जत्रेच्या दिवसात दीड तास धरून निघा आणि रिक्षा आदल्या रात्रीच ठरवून तिचा नंबर घेऊन ठेवा, पहाटे ऐनवेळी मिळत नाही. तब्येतीचं काही झालं तर मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही असेल तर ओरोसला जिल्हा रुग्णालय. अँब्युलन्सला १०८, बाकी कुठल्याही अडचणीला ११२.